गणेशोत्सव मंडळांना खुले पत्र: मांडवात एक टेबल डोळ्यांसाठी ठेवा

प्रति,
सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष आणि कार्यकर्ते,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी भाग

सप्रेम नमस्कार.

मी निपाणीजवळच्या एका खेड्यातली. ऑगस्ट २०२१ पासून बेंगळुरूत, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करते. गणपतीला दरवर्षी गावी येते, तुमच्याच मांडवात आरतीला उभी असते. चौथीत असताना मंडळाच्या चित्रकला स्पर्धेत मला कंपासपेटी मिळाली होती, ती अजून घरात आहे. तेव्हा हे पत्र बाहेरच्या कुणी लिहिलंय असं समजू नका. माझं एक मागणं आहे, मांडवात नेत्रदानाच्या अर्जांचं एक टेबल ठेवा. ते कुठून आलं हे सांगितल्याशिवाय तुम्हाला पटायचं नाही, म्हणून जरा लांबून सुरुवात करते.

मी बेंगळुरूला निघाले तेव्हा भावकीतल्या लोकांनी बाबांना धारेवर धरलं होतं. पुणं निम्म्या अंतरावर असताना पोरीला तिकडं कशाला धाडतोस, तिथं आपलं कोण आहे, भाषा तरी आपली आहे का? बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी मला निपाणी स्टँडवर रात्रीच्या बसमध्ये बसवलं आणि खिडकीतून भाकरीचं गाठोडं दिलं. पहाटे मॅजेस्टिकला उतरले तेव्हा ऑगस्टात अंगावर काटा येईल इतका गारवा होता. स्टँडच्या कोपऱ्यावर एक माणूस स्टीलच्या वाटीतून पेल्यात उंचावरून कॉफी ओतत होता आणि सगळ्या रस्त्याला त्या कॉफीचा वास येत होता. मला तोवर कॉफी आवडत नव्हती. आता सकाळी ती मिळाली नाही तर डोकं चढतं.

ह्या शहरावर माझा जीव जडलाय. लपवून काय करू? महालक्ष्मी लेआउटच्या पीजीत आम्ही तिघी एका खोलीत राहत होतो, एक हासनची, एक कलबुर्गीची आणि मी. रात्री दहाला मेट्रोतून एकटी परत यायचे आणि कुणी मला कुठून आलीस म्हणून विचारत नव्हतं. गावात हे सुख मला कधी मिळालं नव्हतं. फेब्रुवारी उजाडला की रस्त्याकडेची पान नसलेली झाडं गुलाबी फुलांनी भरून जातात. पहिल्या वर्षी मी एका झाडाखाली उभी राहून आईला व्हिडिओ कॉल केला, तर ती म्हणाली, "अगं, हे झाड हाय का मांडव?" कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत कडलेकाई परिषे भरते, शेंगांची जत्रा. नंदीच्या देवळापासून रस्ताभर नुसते शेंगांचे ढीग. आपल्या शेंगा काढल्यावर अंगणात ओतलेला ढीग आठवून तिथं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझं कन्नड बाजारापुरतं, तेही आपल्या भागातलं. "ऊटा आतेन्री?" म्हटलं की कारखान्यातल्या बायका हसायच्या आणि लगेच डबा पुढं करायच्या. त्यांच्या तोंडी ते "ऊटा आय्ता?" जेवलीस का, एवढाच दोन्हींचा अर्थ.

एकदा एका रिक्षाच्या मागच्या काचेवर एका तरुण माणसाचं चित्र दिसलं. मग दुसऱ्या रिक्षावर तेच, मग तिसऱ्या. रिक्षावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, शंकरण्णा. शंकर नाग. १९८० च्या एका चित्रपटात ते रिक्षावाला झाले होते आणि तेव्हापासून रिक्षावाल्यांनी त्यांना आपलंच मानलं. मला ते फक्त मालगुडीच्या मालिकेचे दिग्दर्शक म्हणून ऐकून माहीत होते. मग कळलं की घरची भाषा कोंकणी असलेला हा माणूस मुंबईत मराठी नाटकात वाढला आणि तिथून बेंगळुरूला आला. ३० सप्टेंबर १९९० ला दावणगेरेजवळ अनगोडूपाशी अपघातात गेला, तेव्हा पस्तिशीतच होता. तो रस्ता म्हणजे आपलाच हायवे, निपाणीची बस रात्री तिथूनच जाते. आता दावणगेरे मागं पडलं की मी जागी असले तर खिडकीबाहेर बघते. जे. पी. नगरात त्यांच्या आठवणीत रंगशंकरा हे नाट्यगृह उभं आहे, २००४ पासून. नाटक सुरू झाल्यावर तिथं कुणालाही आत सोडत नाहीत. ह्या शहरानं आपल्या नटाची आठवण कशी ठेवलीय हे मी तिथं पायरीवर बसून पहिल्यांदा पाहिलं.

आणि मग आला २९ ऑक्टोबर २०२१, शुक्रवार.

मला येऊन तीन महिनेही झाले नव्हते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात कुजबुज सुरू झाली, अप्पूला दवाखान्यात नेलंय. अडीचच्या पुढे बातमी पक्की झाली. अप्पू, म्हणजे कन्नड सिनेमाचे लाडके नट पुनीत राजकुमार गेले, वय ४६, हृदयविकाराचा झटका. मशीनवरचे लोक हात पुसत बाहेर आले आणि पायरीवर बसले. आमच्या सुपरवायझर बाई, ज्यांनी कधी आवाज चढवल्याशिवाय वाक्य पुरं केलं नाही, त्या खांबाला टेकून लहान मुलासारख्या रडत होत्या. संध्याकाळी घरी येताना बघते तर कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं दुधाचा क्रेट उपडा घालून त्यावर अप्पूंचा फोटो ठेवला होता. पुढे एक पणती. चहा बंद. त्या फोटोपुढे कामावरून परतणारे लोक येत होते, पिशवी खाली ठेवत होते, हात जोडत होते, पिशवी उचलून जात होते. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. मीही पिशवी खाली ठेवली.

त्यांची मुलगी अमेरिकेहून यायची होती म्हणून अंत्यविधी रविवारवर गेला. तोवर कंठीरवा स्टेडियमवर लोकांचा समुद्र होता. ३१ तारखेला पहाटे कंठीरवा स्टुडिओत, वडील डॉ. राजकुमार आणि आई पार्वतम्मा ह्यांच्याशेजारी, त्यांना मातीत ठेवलं. तो स्टुडिओ आमच्या पीजीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पुढे लोकांना आत सोडू लागल्यावर कित्येक दिवस ती रांग मी कामावर जाता-येता बघत होते.

ह्या सगळ्यात १ नोव्हेंबर येत होता. तुम्हाला सांगायला नको. आमच्या घरात तो काळा दिवस. आपला मराठी भाग तिकडं जोडला गेला, त्या १९५६ पासूनचं ते दुखणं आहे. बाबा दरवर्षी दंडाला काळी फीत लावून बेळगावला सायकल फेरीला जातात, मी लहान असताना त्यांच्या सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून गेलेय. आणि इथं तोच दिवस राज्योत्सवाचा, कर्नाटकच्या स्थापनेचा. ३१ तारखेला रात्री मी भीत भीत घरी फोन लावला. बाबा काय म्हणतील, मी त्या गर्दीत हात जोडून उभी राहिले हे त्यांना सांगावं की नको, असं मनात चाललेलं.

बाबाच आधी बोलले. "तो पोरगा गेला म्हणं गं. आपल्या धाकट्याच्या वयाचा." मग जरा वेळ गप्प. "मी त्याच्या बापाचं पिच्चर चिकोडीत बघितल्यात. कानडी सगळं कळायचं न्हाई, पर माणूस कळायचा."

"बाबा, उद्या फेरीला जाणार?"

"जाणार की. न जायला काय झालं?"

इतकंच. ते दुसऱ्या दिवशी फेरीला गेलेही. हक्काचा प्रश्न आणि एका गेलेल्या माणसाचं दुःख बाबांच्या मनात एकमेकांच्या वाटेत आले नाहीत. सीमेचा दावा महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेलाय, तिथं जे व्हायचं ते होईल. मी त्यातलं काही सोडा असं सांगायला हे पत्र लिहीत नाहीये, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

आता डोळ्यांचं.

अप्पू गेले त्याच दिवशी घरच्यांनी त्यांचे डोळे दिले. डॉ. राजकुमारांचेही २००६ साली दिले होते. त्यांच्या नावाची नेत्रपेढी १९९४ पासून बेंगळुरूत आहे. डोळे दिले म्हणजे अख्खा डोळा कुणाला बसवत नाहीत, बसवतात तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. एरवी दोन डोळ्यांतून दोन माणसांना दिसू लागतं. अप्पूंच्या वेळी नारायण नेत्रालयातल्या डॉक्टरांनी प्रत्येक पडद्याचे दोन थर वेगळे केले, पुढचा थर ज्याचा वरचा भाग खराब त्याला आणि मागचा ज्याचा आतला भाग खराब त्याला, आणि चौघांना दृष्टी दिली. ही बातमी आली आणि नेत्रदानाचे अर्ज भरायला राज्यभर लोकांची रीघ लागली. आमच्या कारखान्यातही एका टेबलावर अर्जांचा गठ्ठा आला. सुपरवायझर बाईंनी पहिला भरला.

मी तो अर्ज हातात धरून उभी होते आणि डोळ्यांसमोर माझे धाकटे काका होते.

ज्यांच्या शेतात ऊस आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पाला काढताना उसाचं पात काकांच्या डाव्या डोळ्यात गेलं. करवतीसारखी धार असते त्याला. त्यांनी डोळ्यावर पाणी मारलं, औषधाच्या दुकानातून कुठले तरी थेंब आणले, कुणीतरी सांगितलं म्हणून आणखी काही घातलं, आणि चार दिवसांनी डोळा लालबुंद झाल्यावर दवाखाना गाठला. तोवर आत बुरशीचा संसर्ग झालेला. जखम भरली पण बुबुळावर पांढरं फूल पडलं. तुमच्या गल्लीत, तुमच्या वाडीत असं फूल पडलेला एक तरी माणूस असेल. आपण म्हणतो, त्याचा एक डोळा गेलाय. गेलेला नसतो. आतला डोळा बऱ्याचदा धड असतो, फक्त पुढची काच पांढरी झालेली असते. ती बदलता येते हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मला ते त्या टेबलापाशी कळलं.

२०२२ च्या उन्हाळ्यात काकांना मी बेंगळुरूला बोलावलं, तपासलं, यादीत नाव घातलं. काही महिन्यांनी फोन आला की या. शस्त्रक्रिया झाली. वर्षभर टाके होते, थेंब तर किती महिने. पट्टी काढली त्या दिवशी काकांनी आधी हातातली नोट बघितली, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, "तू एवढी वाळलीस कधी?" डोळा पूर्वीसारखा नाही, बारीक अक्षर दिसत नाही, पण डावीकडून येणारी मोटरसायकल दिसते. तो पडदा कुणाचा, हे दवाखाना सांगत नाही, तसा नियमच आहे. मराठी माणसाचा की कानडी, बाईचा की बाप्याचा, आम्हाला कधीच कळणार नाही. काका रोज सकाळी तोंड धुताना त्या माणसाला नमस्कार करतात.

आज्जी हे सगळं बघत होती. ४ जून २०२३ ला सुलोचनादीदी मुंबईत गेल्या, ९४ वर्षांच्या. टीव्हीवर बातमी आली तेव्हा आज्जी ओट्यावरून उठून टीव्हीसमोर येऊन बसली. तिचं माहेर खडकलाटच्या शेजारचं आणि दीदी खडकलाटच्या. "आमच्या गावाकडची पोर ती," एवढंच म्हणायची, दीदी तिच्याहून मोठ्या असल्या तरी. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली घडलेली, जिजाऊ म्हणून जिच्यापुढं लोकांनी पडद्याला हात जोडले आणि हिंदीत कितीतरी नायकांची आई झालेली ही बाई आपल्या चिकोडी भागातल्या मातीतली. पद्मश्री, महाराष्ट्रभूषण. त्या रात्री आज्जी जेवली नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोनवर म्हणाली, "माझ्या लेकाला कुणीतरी डोळा दिला. माझं बी डोळं द्या. मोतीबिंदू काढल्यालं चालतंय का इचार." मी विचारलं. चालतं. मी तिला तसं सांगितलं.

आज्जी त्याच पावसाळ्यात गेली. रात्री साडेअकराला. मी बेंगळुरूत.

आता मी जे लिहिते आहे ते कुणाला दोष द्यायला नाही. आईचा फोन मला साडेबाराला आला, कारण आधी भावकीला कळवलं गेलं, तशी रीतच आहे. नेत्रपेढीचा नंबर फक्त माझ्याकडं. मी फोन लावला, तिकडून सांगितलं गेलं की सकाळी पुन्हा करा. मी दुसरा नंबर शोधला, तिसरा शोधला. माणसं निघाली तेव्हा उजाडलं होतं. ते आले, हात जोडले, आज्जीचे डोळे पाहिले आणि हळूच सांगितलं की उशीर झाला. सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. शिवाय रात्रभर डोक्यावर पंखा चालू होता, पापण्या अर्धवट उघड्या राहिल्या होत्या, बुबुळं वाळून गेली होती. घरात चाळीस माणसं होती. पंखा बंद करा एवढं सांगणारं एकही नव्हतं.

त्या चाळीसातली बरीच पोरं तुमच्या मंडळाची होती. आणि म्हणूनच मी हे पत्र ग्रामपंचायतीला किंवा आरोग्य खात्याला न लिहिता तुम्हाला लिहितेय. गल्लीत माणूस गेला की दाराशी पहिली तुमची पोरं येतात. बांबू तेच आणतात, मडकं, शेणी, हार तेच आणतात, तिरडी तेच बांधतात, पाहुण्यांना फोन तेच लावतात. आमच्या आज्जीची तिरडी बांधायला पावसात भिजत सात जण बसले होते, ते उपकार मी विसरायची नाही. त्या सातांतल्या एकाला जरी ठाऊक असतं तरी आज्जीचा शब्द राहिला असता.

ठाऊक असायचं तेही फार नाही. माणूस गेल्यावर पापण्या मिटवायच्या, त्यावर स्वच्छ ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि नेत्रपेढीला लगेच फोन करायचा. आधी अर्ज भरलेला असो वा नसो, जवळच्या नातेवाइकांनी हो म्हटलं आणि दोन साक्षीदार असले की पुरतं. पथक घरीच येतं, वीसेक मिनिटं लागतात, थोडं रक्त तपासायला नेतात, चेहरा विद्रूप होत नाही, पैसे द्यायचे-घ्यायचे नसतात. चष्मा असला, साखर असली, वय झालेलं असलं तरी चालतं. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज असं काही असेल तर घेत नाहीत. पुढच्या जन्मी आंधळा होतो असं आमच्याकडंही एका म्हातारीनं सांगितलं होतं. तिला काकांनी उत्तर दिलं, "मग ज्यानं मला दिला त्याचं काय झालं असंल?" ती गप्प बसली.

आपण फ्लेक्स लावतो. अप्पू गेले तेव्हा बेळगावात कन्नडमध्ये लागले, सुलोचनादीदी गेल्या तेव्हा मराठीत. बेळगावात जन्मलेले रवींद्र महाजनी जुलै २०२३ मध्ये तळेगावात एकटेच गेले, बातमी बाहेर यायला दोन-तीन दिवस लागले. इतका देखणा, इतका लाडका नट. आज्जीच्या पाठोपाठ ती बातमी वाचून मला फार लागलं होतं. भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर मंडळाच्या तीस कार्यकर्त्यांचे फोटो असतात आणि ज्याच्यासाठी तो लावलाय त्याचा चेहरा कोपऱ्यात. पावसात तो फाटतो आणि गोठ्यावर जातो. मला वाटतं, आपल्या नटांचं ह्यापेक्षा जास्त देणं लागतो आपण.

राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर असतो. गणपती बऱ्याच वर्षी त्यातच येतात, नाहीतर त्याच्या थोडे मागं-पुढं. मांडवात एक टेबल आणि दोन खुर्च्या ठेवा. अर्ज मराठी आणि कन्नड दोन्ही ठेवा. त्यावर सुलोचनादीदींचा फोटो ठेवा, अप्पूंचा ठेवा. अप्पूंच्या फोटोला कुणाची हरकत असेल तर त्यावरून मांडवात भांडू नका, फोटो बाजूला राहू द्या, टेबल तेवढं हलवू नका. आपल्या भागाला जवळ पडेल अशा नेत्रपेढीशी आधीच बोलून रात्री-अपरात्री उचलला जाईल असा नंबर मिळवा आणि तो मोठ्या अक्षरात मंडळाच्या फळ्यावर, पिठाच्या गिरणीत, दूध डेअरीत लिहून ठेवा. प्रत्येक मंडळातल्या निदान पाच पोरांच्या फोनमध्ये तो असू दे. पुण्यतिथीला फ्लेक्सचे जे पैसे जातील त्यातला थोडा भाग ज्यांच्या डोळ्यात फूल पडलंय त्यांना तपासायला नेण्याच्या गाडीभाड्याला लावा. पुढची दहा वर्षं तरी हे सातत्यानं करा, एका वर्षाच्या देखाव्यासारखं नको.

आमच्या गल्लीच्या मंडळाला मी शब्द दिलाय. ह्या वर्षी चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत रजा टाकलीय, रोज आरतीनंतर नऊ ते साडेदहा त्या टेबलावर मी बसणार. दुसऱ्या खुर्चीवर काका बसतील. ज्यांना शंका आहे त्यांनी यावं आणि त्यांच्या डाव्या डोळ्यात जवळून बघावं, टाक्यांच्या बारीक खुणा दिसतात. बाकीच्या गावांत कुणी बोलावलं तर दिवसा आम्ही येऊ, गाडी आमची असेल. खडकलाटला मात्र आम्ही न बोलावताच जाणार आहोत.

आपली,
निपाणी भागातली एक मुलगी,
सध्या मुक्काम बेंगळुरू